वनौषधींचे रक्षण : ठरावापासून खरेदीवहीपर्यंत

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोध्वंसनीय अध्याय आपणा सर्वांच्या अभ्यासातील आहे. वायू, जल, देश आणि काल हे चार भाव बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीच्या माणसांनाही एकाच वेळी एकच व्याधी ग्रासतो, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. परंतु त्याच अध्यायात आचार्यांनी शिष्यास दिलेली एक व्यावहारिक आज्ञा सहसा नजरेआड होते. भूमी विरस होण्यापूर्वी, औषधींचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव नष्ट होण्यापूर्वी त्यांचा संग्रह करून ठेवावा, असे तेथे सांगितले आहे. भूमी बिघडली की औषधही बिघडते, आणि औषध बिघडले की वैद्याचे ज्ञान निरुपयोगी ठरते, ही जाण आपल्या शास्त्राला इतक्या पूर्वीपासून आहे.

त्या काळी संकट दैवाने वा अधर्माने येईल अशी कल्पना होती. आज काही वनौषधींच्या बाबतीत ते आपल्याच मागणीमुळे येत आहे, हे मान्य करावयास हवे. वनस्पतिसंवर्धनाचे ठराव अनेक परिषदांत संमत होतात. व्यासपीठावर तुळशीच्या रोपाला पाणी घातले जाते. स्मरणिकेत छायाचित्र छापले जाते. दुसऱ्या दिवशी फार्मसीची खरेदी मात्र पूर्वीच्याच आडत्याकडून, पूर्वीच्याच भावाने आणि पूर्वीइतक्याच चौकशीविना होते. ठराव आणि खरेदी यांतील हे अंतर कसे कमी करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आजची स्थिती

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना नोव्हेंबर २००० मध्ये झाली. या मंडळाच्या पुढाकाराने वनौषधींच्या मागणी-पुरवठ्याचे दोन मोठे अभ्यास झाले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात व्यापारात असलेल्या ९६० वनस्पतींची नोंद होती; त्यांपैकी १७८ वनस्पतींचा वार्षिक वापर प्रत्येकी १०० मेट्रिक टनांहून अधिक होता. २००५-०६ या वर्षासाठी एकूण वापराचा अंदाज ३,१९,५०० मेट्रिक टन होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात व्यापारातील वनस्पतींची संख्या ११७८ आणि १०० टनांहून अधिक वापराच्या वनस्पतींची संख्या २४२ भरली. २०१४-१५ साठीचा एकूण अंदाज ५,१२,००० मेट्रिक टनांवर गेला. अभ्यासपद्धतीतील फरक गृहीत धरला तरी दिशा स्पष्ट आहे.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचा आकडा निराळाच आहे. त्या २४२ वनस्पतींपैकी १७३, म्हणजे सुमारे ७२ टक्के, रानातून गोळा केल्या जातात. आपला व्यवसाय आजही मुख्यतः अशा जंगलावर उभा आहे, की ज्याची लागवड आपण केलेली नाही आणि ज्याच्या राखणीचा खर्चही आपण देत नाही.

ध्येये ठरतात, पण मार्गी का लागत नाहीत?

कोणत्याही संस्थेत असे ध्येय चार कारणांनी विरते. पहिले, ते मोजता येईल अशा शब्दांत मांडलेले नसते. ‘वनस्पतींचे रक्षण करू’ हा संकल्प होय, उद्दिष्ट नव्हे. दुसरे, ते कोणाकडेच सोपविलेले नसते. तिसरे, ज्याच्या हाती खरेदीचा अधिकार आहे त्याच्यापर्यंत ते पोहोचतच नाही. चौथे, वर्षअखेरीस त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

आपल्याच व्यवसायातील एक उदाहरण मात्र उलट साक्ष देते. जून २००० मध्ये आयुर्वेदीय औषधनिर्मितीसाठी उत्तम निर्मिती पद्धतींचे नियम, म्हणजेच अनुसूची टी, लागू झाली. स्वतंत्र खोल्या, गुणनियंत्रण, बॅचवार नोंदी, कामगारांची स्वच्छता या अटी त्या वेळी अनेक लहान फार्मसींना जाचक वाटल्या. ‘हे मोठ्या कंपन्यांना परवडेल, आम्हांला नाही’ असा सूर सर्वत्र होता. काही फार्मसी बंदही पडल्या, हे नाकारता येत नाही. तथापि ज्या टिकल्या, त्यांनी हे काम एका दिवसात केले नाही. अट लिखित होती, तपासणी ठरलेली होती, जबाबदार व्यक्तीचे नाव कागदावर होते आणि परवाना त्यावर अवलंबून होता. आज बॅच क्रमांकाविना औषध बाहेर पाठविण्याची कल्पनाही आपणांस सहन होत नाही. वनौषधींच्या बाबतीत हीच शिस्त आपण स्वतःहून का लावून घेऊ नये?

‘स्वतःहून’ हा शब्द येथे सहेतुक योजला आहे. जैविक विविधता कायदा २००२ चा. या कायद्याखालील लाभवाटपाची जबाबदारी भारतीय कंपन्यांवरही आहे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. त्यानंतर २०२३ च्या दुरुस्तीने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान, लागवडीखालील औषधी वनस्पती आणि नोंदणीकृत आयुष चिकित्सक यांना काही बाबतींत सूट मिळाली. कायद्याचा ताण सैल झाला, याचे अनेकांनी स्वागत केले. परंतु कायद्याने दिलेली सूट जंगलाला कळत नाही. बाहेरचा धाक जितका कमी, तितकी आतली शिस्त अधिक लागते.

पहिली पायरी : मोजणी

वजन, नाडी आणि अग्निबल पाहिल्याविना आपण रुग्णाला मात्रा ठरवून देत नाही. तद्वतच स्वतःचा वापर मोजल्याविना उद्दिष्ट ठरविता येत नाही. सुदैवाने ही मोजणी नव्याने करावयाची नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम १५७-अ आणि अनुसूची टी-ए यांनुसार प्रत्येक परवानाधारक फार्मसीने मागील आर्थिक वर्षात वापरलेल्या कच्च्या मालाचा तपशील ३० जूनपर्यंत परवाना अधिकाऱ्याकडे व औषधी वनस्पती मंडळाकडे पाठवावयाचा असतो. बहुतेक ठिकाणी हे काम हिशेबनीस उरकतो आणि प्रत कपाटात जाते. आमची सूचना अशी की ती प्रत कपाटातून काढून टेबलावर घ्यावी. फार्मसीचे वनौषधींविषयीचे पहिले सत्य त्या तक्त्यात आहे.

त्या तक्त्याला हाताने तीन रकाने जोडावेत. पहिल्यात वनस्पतीचा कोणता भाग वापरला ते लिहावे : मूळ, साल, खोड, पान, फूल, फळ की निर्यास. दुसऱ्यात माल रानातला, शेतातला की परदेशातून आलेला ते लिहावे. तिसऱ्यात तो कोणत्या तालुक्यातून आला ते लिहावे. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी केवळ बाजारपेठेचे नाव लिहावे लागेल. आपला गोखरू कोठे उगवला हे आपणांस ठाऊक नाही, हे कागदावर उतरणे हीच खरी सुरुवात होय.

पहिल्या रकान्याचे महत्त्व विशेष आहे. आवळा, हिरडा, बेहडा यांची फळे घेतली तरी झाड उभे राहते. गुळवेलीचे कांड तोडले आणि बुंधा व मूळ राखले तर वेल पुन्हा फुटते. परंतु जेथे मूळ हवे तेथे वनस्पती उपटलीच जाते, आणि जेथे साल हवी तेथे बुंध्याभोवतीची साल वलयाकार सोलली तर झाड वाळते. सबब मूळ, साल आणि निर्यास यांच्या नोंदींखाली लाल रेघ ओढावी.

दुसरी पायरी : थोड्यांची निवड

दीडशे द्रव्यांच्या यादीवर एकदम काम सुरू करणारी फार्मसी वर्षभरात थकते. म्हणून आरंभी तीनच द्रव्ये निवडावीत. निवडीची कसोटी दुहेरी असावी : वनस्पती खरोखर संकटात आहे का, आणि आपला वापर लक्षणीय आहे का?

अशोकाचे उदाहरण घेऊ. अशोकारिष्ट बनविणाऱ्या प्रत्येक फार्मसीला त्याची साल लागते. खरा अशोक आज असुरक्षित प्रजातींत गणला जातो, आणि बाजारात त्याच्या नावाने रस्त्याकडेच्या आसुपालवाची साल सर्रास मिसळली जाते. म्हणजे येथे दोन प्रश्न एकच आहेत. झाड दुर्मिळ झाले म्हणून भेसळ वाढली, आणि भेसळ खपते म्हणून खरे झाड लावण्याची निकड कोणाला भासत नाही. वनस्पतीचे रक्षण हा परोपकार नसून गुणनियंत्रणाचाच भाग आहे, हे यावरून ध्यानी यावे. वावडिंगाचीही तीच कथा. ग्रंथोक्त वावडिंग विरळ झाले, आणि त्याच्या जागी त्याच कुळातील इतर फळे रूढ होऊन बसली.

गुग्गुळाची स्थिती आणखी बिकट आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ही वनस्पती अतिसंकटग्रस्त आहे. अधिक निर्यास मिळावा म्हणून खोडाला खोल घाव घालून त्यात रसायन भरण्याची रीत पडली. त्याने उत्पादन एकदाच वाढते आणि झाड मरते. योगराज, कैशोर, त्रयोदशांग हे कल्प ज्यांच्या नित्य चिकित्सेत आहेत, त्यांनी ही बाब विसरू नये.

दशमुळाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. बृहत् पंचमुळातील बेल, टेंटू, शिवण, पाडळ आणि अग्निमंथ हे वृक्ष वा मोठी झुडपे आहेत. त्यांचे मूळ मिळविणे म्हणजे झाडाच्या मुळावरच घाव घालणे. दशमूलारिष्टाचा देशभरातील खप ध्यानी घेता ही मागणी किती झाडांवर पडत असेल, याचा ज्याने त्याने विचार करावा. रस्तारुंदीकरणात वा शेतात तोडल्या जाणाऱ्या झाडांची मुळे वन विभागाशी व शेतकऱ्यांशी बोलून मिळविणे, नवीन लागवडीतून ठराविक वर्षांनी मूळ घेणे आणि मुळाऐवजी अन्य अंगांच्या गुणसाम्याविषयीच्या संशोधनास साहाय्य करणे, हे तीन मार्ग खुले आहेत.

काही द्रव्यांच्या बाबतीत निवडीचा प्रश्नच नाही, कायद्याचा आहे. कुष्ठ ही वनस्पती १९८५ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक साइटिस कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. सर्पगंधा १९९० पासून, तर जटामांसी आणि कुटकी १९९७ पासून दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली आणि या कराराची तरतूद आपल्या कायद्यातही उतरली. अशा द्रव्यांची खरेदी लागवडीच्या कागदपत्रांविना करूच नये.

तिसरी पायरी : गोळा करणाऱ्यापर्यंत पोहोचणे

उद्दिष्ट कितीही नेमके असले, तरी त्याची खरी अंमलबजावणी फार्मसीत होत नाही. ज्याच्या हाती कोयता आहे, त्याच्या हातून ती होते. त्या माणसाला घाईने ओरबाडण्यात लाभ असेल, तर आपला ठराव व्यर्थ होय.

या दृष्टीने आपल्याच सह्याद्रीतील बेहड्याचा प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे. कोकणातील बरेचसे जंगल खासगी मालकीचे आहे, आणि ते सरपणासाठी व कोळशासाठी तोडले जाते. बेहड्याच्या लाकडाला फारसे मोल नाही, तरीही झाड तोडले जातेच, कारण उभ्या झाडापासून मालकाला काही मिळत नाही. हीच प्रचंड जुनी झाडे धनेश पक्ष्यांना ढोलीत घरटे करण्यास उपयोगी पडतात. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने संगमेश्वर तालुक्याच्या परिसरात बेहडा आणि भीमाशंकर परिसरात हिरडा यांसाठी ग्रामस्थांसह काम उभे केले. फेअरवाइल्ड या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र त्यास मिळाले, आणि इंग्लंडमधील पुक्का हर्ब्ज ही कंपनी ग्राहक म्हणून लाभली.

या मानकाची कार्यपद्धती मुळात साधी आहे. आधी झाडे मोजावयाची. त्यावरून किती फळ घेता येईल ते ठरवावयाचे. काही फळ पशुपक्ष्यांसाठी व पुनरुत्पत्तीसाठी राखावयाचे. गोळा करणाऱ्यांना शिकवावयाचे. प्रत्येक पोत्याचा मागमूस राहील अशी नोंद ठेवावयाची. रास्त भाव द्यावयाचा आणि त्यावर काही रक्कम गावाच्या कामासाठी बाजूला काढावयाची. यात महत्त्वाची गोष्ट अशी की उभे झाड दरवर्षी पैसे देऊ लागले. झाड राखा, असे सांगणाऱ्या फलकापेक्षा हा युक्तिवाद मालकाला लवकर पटतो. त्रिफळ्यातील दोन द्रव्ये आपल्याच डोंगरांतून अशा रीतीने परदेशी जात असताना, महाराष्ट्रातील किती फार्मसींनी त्याच मालाची चौकशी केली आहे, हा प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो.

केवळ पैसा वाटून काम भागत नाही, हेही एका उदाहरणाने दाखविता येते. केरळातील काणी आदिवासींच्या ज्ञानावरून तिरुवनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान संस्थेने आरोग्यपच्चा या वनस्पतीपासून ‘जीवनी’ हे औषध सिद्ध केले. १९९५ मध्ये कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला दहा लाख रुपये शुल्क आणि दोन टक्के स्वामित्वधन घेऊन ते बनविण्याचा परवाना देण्यात आला. त्यातील निम्मी रक्कम काणी समाजाला मिळावी असे ठरले, आणि १९९७ मध्ये त्यासाठी विश्वस्त निधी स्थापन झाला. जगभर या कराराची वाखाणणी झाली. तथापि वनस्पती वनातील. तिची पाने गोळा करणे आणि वनक्षेत्रात लागवड करणे यांस वन विभागाची हरकत आली आणि कच्च्या मालाचा पुरवठा अडखळला. पैशाचा वाटा ठरला होता. पानांचा पुरवठा कसा होईल ते मात्र सर्व संबंधितांनी एकत्र बसून ठरविलेले नव्हते. संस्थेने ध्येय ठरविताना वन विभाग, ग्रामसभा आणि खरेदीदार या तिघांनाही आरंभीच एका बैठकीत आणावे, हा त्यातून घ्यावयाचा बोध.

महाराष्ट्रात अशी बैठक घेणे आज तुलनेने सोपे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभांचा अधिकार मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्या जिल्ह्यात पुढे अनेक ग्रामसभा या मार्गाने गेल्या. कोरोनाच्या साथीत गुळवेलीची मागणी एकाएकी वाढली, तेव्हा शहापूर परिसरातील आदिवासी तरुणांच्या संस्थेने वनधन योजनेच्या साहाय्याने मोठ्या औषध कंपन्यांना थेट गुळवेल पुरविली. आडत्याच्या पलीकडे जाऊन बोलता येईल अशी माणसे आता उभी आहेत.

लहान फार्मसीची अडचण

येथे आमचे अनेक वाचक म्हणतील, की वर्षाला दोनशे किलो साल घेणाऱ्याला कोण विचारतो? हा आक्षेप खरा आहे, आणि प्रमाणित माल महाग पडतो हेही खरे. दर ठरवून घेणारी मोठी कंपनी आणि चार कामगारांची फार्मसी यांना एकच मापदंड लावणे अन्यायाचे होईल.

यास दोन उत्तरे संभवतात. पहिले, एकत्रित खरेदी. एका जिल्ह्यातील दहा फार्मसींनी तीन द्रव्यांची मागणी एकत्र नोंदविली, तर ती कोणत्याही ग्रामसभेला वा शेतकरी गटाला विचारात घेण्याजोगी होते. वर्षाचा भाव आगाऊ ठरविता येतो आणि तपासणीचा खर्चही वाटून घेता येतो. हे काम वैद्यसंघटनेचेच आहे. दुसरे, ज्याला खर्च लागत नाही ते आधी करावे. काढ्याचा चोथा कचऱ्यात न टाकता खतासाठी शेतकऱ्यास द्यावा. कोठीतील जुना माल आधी वापरून कीड लागून वाया जाणारे द्रव्य वाचवावे. वाया गेलेले एक किलो मूळ म्हणजे विनाकारण उपटलेली झुडपे होत. आमच्या पाहण्यातील अनेक कोठ्यांत बचतीला पुष्कळ वाव आहे.

चिकित्सकांचे कर्तव्य

फार्मसीची मागणी वैद्याच्या लेखणीतून उत्पन्न होते. द्रव्य दुर्मिळ झाले असता पर्याय योजण्याची परंपरा आपल्याकडे प्राचीन आहे. भावप्रकाशाने अष्टवर्गाच्या अभावी मेदा-महामेदांस्थानी शतावरी, जीवक-ऋषभकांस्थानी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलींस्थानी अश्वगंधा आणि ऋद्धि-वृद्धींस्थानी वाराहीकंद सांगितला. अभावप्रतिनिधी द्रव्यांचा हा विचार गुणकर्मांच्या आधारे, उघडपणे आणि ग्रंथात नोंदवून केलेला आहे. आजच्या बाजारात पर्याय योजला जातो, पण तो व्यापारी गुपचूप योजतो. यातील फरक प्रत्येक वैद्याने जाणला पाहिजे. दुर्मिळ द्रव्याचा कल्प अनिवार्य असेल तेथेच द्यावा, अन्यत्र सुलभ कल्प योजावा आणि निर्मात्याला निदान एकदा विचारावे, की हा माल येतो कोठून? दहा वैद्यांनी हा प्रश्न विचारला, तर अकराव्या महिन्यात फार्मसीच्या वहीत त्याचे उत्तर लिहिले जाईल.

प्रगतीचा हिशेब

शेवटची पायरी सर्वांत अवघड, कारण तिच्यात उणे आकडेही लिहावे लागतात. प्रत्येक निवडलेल्या द्रव्यासाठी वर्षातून एकदा चार प्रश्नांची उत्तरे कागदावर यावीत. एकूण वापर किती झाला? त्यापैकी किती टक्के मालाचा तालुका ठाऊक आहे? किती टक्के लागवडीतून वा प्रमाणित संकलनातून आला? गोळा करणाऱ्यास किती भाव मिळाला? पहिल्या वर्षी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शून्य आले तरी ते लिहावे. तिसऱ्या वर्षी ते चाळीस झाले तर ती प्रगती. आणि शून्यच राहिले, तर पद्धत बदलण्याची वेळ आली हे निदान कळेल. या नोंदीखाली एका व्यक्तीचे नाव व सही असावी. जेथे सर्वांची जबाबदारी असते, तेथे ती कोणाचीच नसते.

हा तक्ता संघटनेच्या वार्षिक सभेत मांडला जावा, असे आम्हांस वाटते. जमाखर्चाच्या पत्रकासोबत तीन द्रव्यांचे एक पान जोडण्यास फार कागद लागत नाही. जिल्हा शाखांनी येत्या ३० जूनपूर्वी आपापल्या सभासद फार्मसींची एक बैठक घ्यावी, अनुसूची टी-ए ची प्रत बरोबर आणण्यास सांगावे, तीन द्रव्ये निवडावीत आणि प्रत्येक द्रव्यापुढे एक नाव व एक तारीख लिहावी. अशोकाची साल खऱ्या अशोकाचीच आहे, असे रुग्णाला निःशंकपणे सांगता यावे, इतकेच यातून साधावयाचे आहे. आणि आमच्या मते ते थोडे नाही.